निवांतपणाची गिऱ्हाइके

नरकचतुर्दशीच्या पहाटे फराळाच्या ताटावर बसण्याआधी कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची चाल आपल्याकडे आहे. गोडधोडाआधी थोडे कडू चाखावे, हा त्यातला शहाणपणा. दिवाळी अंकाच्या ताटातही एखादे कारीट असावे, असे मला वाटते. ज्यांना ते नकोच असेल त्यांनी पान उलटून पुढच्या कथेकडे खुशाल वळावे. मी रागावणार नाही.

आपल्या मध्यमवर्गाच्या स्वप्नांचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात घरांचे एक प्रकरण मोठे रंजक होईल. आधी चाळीतून ब्लॉकमध्ये जाण्याचे स्वप्न होते. मग पुण्याला बंगला, मग कोकणात आंब्याच्या चार कलमांत एखादे टुमदार घर. मग मुलगा अमेरिकेत आणि आपण सहा महिने त्याच्याकडे. आता त्यापुढची पायरी आली आहे : भूमध्य समुद्राच्या काठी, एखाद्या लहानशा जुन्या गावात, आपले स्वतःचे घर. मुंबई-पुण्याच्या बड्या हॉटेलांत याची चर्चासत्रे भरतात. येणाऱ्याच्या हाती गुळगुळीत कागदाचे एक पुस्तक पडते. त्यात पांढरी भिंत असते, निळी खिडकी असते, भिंतीवर बोगनवेल असते, पायरीवर मांजर असते आणि मागे समुद्र असतो. माणूस मात्र एकही नसतो. भाजी घेऊन चाललेली म्हातारी नाही, शाळेतून परतणारे पोर नाही, जाळे विणणारा कोळी नाही. गाव आहे, पण गावकरी नाहीत. माझा सारा वाद या एका चित्राशी आहे.

हा वाद घालण्याचा मला अधिकार काय, असे कुणी विचारील, म्हणून सांगते. ग्रीसच्या दक्षिणेला क्रीट नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या वायव्य किनाऱ्यावरच्या हन्या नावाच्या गावात गेली चार वर्षे मी भाड्याच्या घरात राहते. हन्या हे नाव ऐकून आपल्याकडच्या एखाद्या हणमंताला कुणी अंगणातून हाक मारते आहे असे वाटेल. पण गाव मोठे मानी आहे. १८९८ ते १९१३ या काळात क्रीट स्वायत्त होते, तेव्हा हन्या त्याची राजधानी होती. पुढे १९७१ मध्ये बेटाचा कारभार हिराक्लिओन या मोठ्या शहरात गेला, तरी आपण राजधानीचे लोक आहोत ही ऐट इथल्या म्हाताऱ्यांच्या चालण्यात अजून दिसते. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी बांधलेले बंदर, त्याच्या तोंडाशी दीपस्तंभ, मागे श्वेतपर्वत आणि त्यांच्यावर वसंतापर्यंत टिकणारे बर्फ. गाव सुंदर आहे, यात शंका नाही. दुखणे तिथूनच सुरू होते.

देशातून मला जे फोन येतात त्यांत दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘तिथे घर कितीला मिळते?’ हा प्रश्न निष्पाप आहे. पैसे मोजून घर घेणाऱ्याने किंमत विचारू नये तर काय करावे! दुसरा प्रश्न माझ्या एका भाच्याने परवाच विचारला. ‘मावशी, घर घेतले तरी तिथे राहायची सक्ती नाही ना गं?’ या प्रश्नाने मला हा लेख लिहायला बसवले. घर हवे, पण राहणे नको! आपल्या आजीला हे वाक्य ऐकवले असते तर पोराला ताप तर आला नाही ना, म्हणून तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला असता.

दुर्दैवाने माझ्या भाच्याचे डोके ठिकाणावर होते. ग्रीसचा कायदाच तसा आहे. २०१३ साली त्या सरकारने ठरवले की युरोपीय संघाबाहेरच्या कुणीही अडीच लाख युरोंची मालमत्ता घेतली तर त्याला पाच वर्षांचा, पुढे वाढवता येणारा निवासाचा परवाना द्यायचा. त्यालाच नव्हे, तर बायकोमुलांना आणि दोघांच्या आईवडिलांनाही. याला ‘गोल्डन व्हिसा’ म्हणतात. जागांचे भाव भडकू लागले तेव्हा २०२३ मध्ये काही भागांत, आणि २०२४ मध्ये सर्वत्र, या अटी कडक झाल्या. आता अथेन्सच्या परिसरात, थेस्सालोनिकीत आणि ३१०० हून अधिक वस्तीच्या सर्व बेटांवर, म्हणजे अर्थात क्रीटमध्येही, आठ लाख युरो लागतात. इतरत्र चार लाख. काही विशिष्ट इमारतींसाठी जुनी अडीच लाखांची वाट अजून उघडी आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. म्हणून घरातली चार माणसे मिळून, अर्धी रक्कम मार्चअखेर आणि अर्धी एप्रिलात धाडण्याचा हिशेब आमच्या मंडळींना तोंडपाठ असतो.

या परवान्यासाठी ग्रीस काय मागतो ते पाहिलेत. आता काय मागत नाही तेही पाहा. भाषा मागत नाही. तिथे काम करावे असे म्हणत नाही. उलट या परवान्यावर नोकरी करण्यास मनाई आहे. आणि वर्षातला एकही दिवस त्या घरात राहावे अशी अट नाही. गाव तुम्हाला हवे आहे, गावाला तुम्ही नको आहात, फक्त तुमचे पैसे हवेत, असा हा करार आहे. असल्या कराराला आपण दोन्ही बाजूंनी मान डोलवतो आणि वर त्याला ‘स्थलांतर’ असे भारदस्त नाव देतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ‘अहो, ते स्वतःच बोलावतात. त्यांना पैशाची गरज आहे. आपण काय चोरी करतो?’ खरे आहे. २०१० पासून आठ वर्षे ग्रीस कर्जाच्या गाळात रुतला होता. पेन्शनी कापल्या गेल्या, पगार घटले, शिकली-सवरलेली मुले जर्मनीला, इंग्लंडला गेली. २०११ च्या शिरगणतीत १ कोटी ८ लाख असलेली वस्ती २०२१ मध्ये १ कोटी ५ लाखांच्याही खाली उतरली. भिंत खचलेल्या घराचा मालक दारावर पाटी लावील त्यात नवल नाही. पण बोलावणारा एक आणि जागा रिकामी करणारा दुसरा असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बोलावतो तो अथेन्समधला मंत्री. जागा रिकामी करते ती हन्यातली शाळामास्तरीण.

मास्तरणीचे उदाहरण मी सजावटीसाठी घेतलेले नाही. ग्रीसमध्ये हंगामी शिक्षकांच्या नेमणुका सरकार करते आणि सप्टेंबरात त्यांना कुठल्या तरी बेटावर धाडते. तिथे पोचल्यावर त्यांना कळते की घरे पुष्कळ आहेत, पण राहायला घर नाही. जी मिळतात त्यांची बोली अशी, की मे महिन्याच्या शेवटी चंबूगबाळे आवरायचे, कारण जूनपासून तीच खोली प्रवाशाला दिवसाच्या भाड्याने जाते. शाळा जूनमध्येही चालू असते, हे घरमालकाच्या पंचांगात नाही. बेटावरच्या डॉक्टरांची हीच रड आहे आणि हन्याजवळच्या तांत्रिक विद्यापीठातल्या पोरांचीही. ज्या गावात समुद्राकडे तोंड करून शेकडो खिडक्या बंद पडून आहेत, त्याच गावात मुलांना गणित शिकवायला आलेली बाई खोली शोधत हिंडते, ही काही दैवाची करणी नव्हे. हा भावाचा परिणाम आहे, आणि भाव गिऱ्हाईक ठरवते.

आकडेच हवे असतील तर दोन आकडे शेजारी शेजारी ठेवते. २०२५ च्या एप्रिलपासून ग्रीसमध्ये कामगाराचे किमान मासिक वेतन ८८० युरो झाले. आणि २०२१ च्या कायद्याने, संगणक घेऊन परदेशी मालकाचे काम ग्रीसमध्ये बसून करू इच्छिणाऱ्याची मिळकत महिना निदान ३५०० युरो असली पाहिजे. म्हणजे पाहुण्याची किमान पायरी यजमानाच्या पायरीच्या जवळजवळ चौपट उंच. परदेशी पेन्शनर तिथे राहायला गेला, तर २०२० च्या कायद्यानुसार त्याच्या बाहेरच्या उत्पन्नावर पंधरा वर्षे सरसकट ७ टक्के कर. जन्मभर तिथे राबलेल्या माणसाचा कर मात्र चढत चढत ४४ टक्क्यांपर्यंत जातो. या दोघांनी एकाच गल्लीत घर शोधायला निघावे आणि कोण जिंकते ते पाहावे! शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली असते.

दुसरा आक्षेप जरा गोड आवाजात येतो. ‘आम्ही भारतीय तिथे किती जाणार? मूठभर! आमच्या एका घराने काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला क्रीटहून घटकाभर आपल्या किनाऱ्यावर यावे लागेल. गोव्यात आसगाव-शिवोलीकडची जुनी घरे दिल्लीच्या पैशाने विकली जाऊ लागली तेव्हा आपण काय म्हणालो? ‘गोवा विकायला काढला!’ अलिबागपासून गुहागरापर्यंत समुद्राकडेच्या वाड्या गेल्या, वर्षातून आठ दिवस उघडणारे बंगले उभे राहिले, विहिरींवर पंप बसले, तेव्हा आपण कोणत्या भाषेत बोललो? त्यातल्या प्रत्येक खरेदीदारानेही हेच म्हटले असेल की माझ्या एका बंगल्याने काय होते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याने शेतजमीन विकत घेऊ नये, असा कायदा आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यातच ते कलम आहे. जमीन तिच्यावर राबणाऱ्याच्या हाती राहावी, हा त्यामागचा विचार. तो विचार आपल्याला रत्नागिरीत पटतो आणि हन्यात पटत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आपणच रचली आहे. निदान ती आपल्यालाच लागू पडू नये याची काळजी तरी घ्यायची!

तिसरा आक्षेप मात्र खरोखर गंभीर आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे लबाडीचे होईल. ‘म्हणजे माणसाने जन्मगाव सोडूच नये की काय? ज्याने त्याने आपापल्या वेशीच्या आत बसावे?’ असे मी म्हटले तर माझेच बिऱ्हाड मला आधी उचलावे लागेल. आणि हन्यात राहून असे म्हणणे तर हास्यास्पद आहे, कारण ते गाव उभेच मुळी बाहेरून आलेल्यांवर आहे.

स्प्लान्झिया नावाच्या जुन्या पेठेत सेंट निकोलसचे देऊळ आहे. त्याच्या एका अंगाला घंटेचा मनोरा आहे आणि दुसऱ्या अंगाला मशिदीचा मिनार. आधी तो व्हेनिसच्या काळातला मठ होता, १६४५ मध्ये तुर्कांनी गाव घेतल्यावर मशीद झाली, आणि विसाव्या शतकात पुन्हा चर्च झाले. मिनार कुणी पाडला नाही. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल करण्याचा तह केला. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती इकडे आले आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तिकडे गेले. हन्याचे जे मुसलमान गेले त्यांतल्या पुष्कळांना तुर्की धड येत नव्हते. त्यांची बोली क्रीटची ग्रीक. त्यांच्या रिकाम्या घरांत आशिया मायनरहून आलेले निर्वासित शिरले. त्याच गावात ज्यूंचीही एक पेठ होती. १९४४ च्या मे महिन्यात जर्मनांनी ती एका पहाटे रिकामी केली. अडीचशेहून अधिक माणसे एका जहाजात कोंबली, आणि ते जहाज ज्याला शत्रूचे वाटले अशा ब्रिटिश पाणबुडीने ते बुडवले. एकही ज्यू वाचला नाही. त्यांचे सिनेगॉग आज डागडुजी होऊन उभे आहे. ते मोडक्या अवस्थेतून वर काढून १९९९ मध्ये पुन्हा उघडले गेले.

ही उजळणी मी एवढ्यासाठी केली, की या गावाला रिकामी घरे नवी नाहीत. रिकाम्या घराचा अर्थ तिथल्या म्हाताऱ्यांना पक्का ठाऊक आहे. तिथे घर रिकामे होते ते युद्धाने, तहाने, नाही तर हद्दपारीने. आणि रिकामे घर भरते ते कुणी बोचके घेऊन आत येतो, चूल पेटवतो, शेजारणीकडे मीठ मागतो तेव्हा. १९२३ चे निर्वासितही परके होते. त्यांची बोली निराळी, स्वयंपाक निराळा. गावाने त्यांना सुरुवातीला नाके मुरडली. पण ते तिथे राहिले, राबले, त्यांची मुले त्याच शाळेत गेली, आणि आज त्यांच्या नातवंडांना बाहेरचे म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नाही. आज ग्रीसच्या शेतांत राबणारे पंजाबी मजूर पाहा. त्यांना कुणी सोनेरी परवाना दिलेला नाही. पुष्कळांची कागदपत्रेसुद्धा वर्षानुवर्षे अडकून पडतात. पण ग्रीक माणसाच्या ताटातली भाजी त्यांच्या हातून जाते. गावाशी त्यांचा व्यवहार देण्याघेण्याचा आहे. ते तिथले आहेत. सोनेरी परवानेवाला नाही. माझी रेघ इथे आहे. ती देशी आणि परदेशी यांच्यामधून जात नाही, तर राहणारा आणि नुसता बाळगणारा यांच्यामधून जाते.

ग्रीक भाषेत ‘क्सेनोस’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ परका, आणि त्याचाच अर्थ पाहुणा. दारी आलेला अनोळखी माणूस हाच अतिथी, ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. पण पाहुण्याला पाहुण्याचे धर्म असतात. पाहुणा घरधन्याला ओसरीवर झोपायला लावीत नाही. आणि जो दारी येतच नाही, नुसते किल्लीचे जुडगे पुण्याच्या कपाटात ठेवतो, त्याला क्सेनोस तरी कसे म्हणावे? त्याच्यासाठी ग्रीकांच्या जुन्या भाषेत शब्द नाही. आपल्याही नाही.

आता ज्या निवांतपणासाठी एवढा खटाटोप चालतो त्याविषयी. चित्रातला हन्या हा जूनमधला हन्या असतो. नोव्हेंबरात परदेशांतून थेट येणारी बहुतेक विमाने थांबतात, बंदरावरची पुष्कळशी खानावळे खुर्च्या उलट्या करून ठेवतात, आणि पाऊस सुरू होतो. जुन्या दगडी घरांच्या भिंतींना ओल येते. कपाटातल्या साड्यांना कोकणातल्या श्रावणासारखा वास लागतो. दक्षिणेचा वारा सुटला की आफ्रिकेतली धूळ येऊन आकाश पिवळे-तांबडे होते. २०१८ च्या मार्चमध्ये तर भर दुपारी दिवे लावावे लागतील असा अंधार दाटला होता. मोठ्या दुखण्याला अथेन्स गाठायचे तर विमान, नाही तर सूदाच्या बंदरातून रात्री निघून सकाळी पिरेअसला पोचणारे जहाज. पण याच दिवसांत ऑलिव्हच्या झाडांखाली जाळी अंथरली जातात, घाण्यावर नव्या तेलाचा वास सुटतो, काफेनिओत म्हातारे पत्ते पिसतात आणि खरे गाव दिसू लागते. चार महिने गर्दीत हरवलेली माणसे एकमेकांना ‘कसे आहात’ असे खरोखरीच्या उत्तराच्या अपेक्षेने विचारतात. निवांतपणाच्या गिऱ्हाइकाने हा हिवाळा कधी पाहिलेला नसतो, कारण तो तेव्हा पुण्यात असतो.

आणि तो ज्याला निवांतपणा समजतो त्याचेही खरे नाव सांगायला हवे. जुन्या पेठेतल्या काही गल्ल्या हिवाळ्यात फार शांत असतात. इतक्या शांत की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यावा. ती शांतता पर्वतांनी दिलेली नाही की समुद्राने. तिथे राहणारी कुटुंबे भाडे न परवडून गावाबाहेरच्या इमारतींत गेली, म्हणून ती आहे. आपण जी शांतता विकत घेतो ती दुसऱ्याच्या उठलेल्या बिऱ्हाडाची असते. ज्याला हे कळूनही ती गोड लागते त्याच्याशी माझा वाद नाही. त्याला मी नमस्कार करते.

पण बाकीच्यांना, ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांना, माझे सांगणे अगदी साधे आहे. जा. जरूर जा. पण आधी नोव्हेंबर ते मार्च एक हिवाळा भाड्याने राहून काढा. ग्रीक शिका; देवळातली किंवा पुस्तकातली नव्हे, नळ दुरुस्त करणाऱ्याशी हुज्जत घालता येईल इतकी. तिथल्या नागरिकत्वासाठी साधारण सात वर्षांचा निवास आणि भाषेची, इतिहासाची परीक्षा लागते. नागरिकत्व घ्यायचे नसले तरी, आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नसल्याने बहुधा घेणारही नाही, तरी त्या परीक्षेचा अभ्यास करा. ज्या गावाचा समुद्र तुम्हाला हवा आहे, त्या गावाचे १९२३ आणि १९४४ तुम्हाला ठाऊक असले पाहिजेत. आणि घर घेतलेच असेल, पण राहणे जमत नसेल, तर त्याला कुलूप घालू नका. गोल्डन व्हिसावर घेतलेले घर प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने देण्यास २०२४ पासून बंदी आहे. वर्षाच्या भाड्याने देण्यास नाही. ते एखाद्या मास्तरणीला बाराही महिन्यांसाठी द्या. ऑगस्टात तिला बाहेर काढू नका. मिळेल ते भाडे घ्या आणि त्यात समाधान माना. एवढे केलेत तर गावाचे थोडे तरी देणे फिटेल.

हे ऐकून माझा भाचा म्हणाला, ‘मावशी, मग त्यात आपला फायदा काय?’ त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. ते या अंकात वाचायला मिळेल, एवढेच कळवले आहे.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणती देवापाशी तर लावतातच, पण एक दारात, एक तुळशीपाशी आणि एक बाहेर रस्त्याकडेलाही ठेवतात. तिचा उजेड घरधन्याच्या उपयोगाचा नसतो. तो येणाऱ्याजाणाऱ्याचा असतो. घर म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. ज्या वास्तूच्या खिडकीतून गल्लीत कधी उजेड पडत नाही तिची किंमत आठ लाख युरो असो की ऐंशी लाख, कागदोपत्री ती मालमत्ता असेल. आपल्या आजीने तिला घर म्हटले नसते.